पळसाची लाख, पोलादाची पिन

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा फुटका तुकडा मेणबत्तीवर धरला की लाखेच्या बांगड्या करणाऱ्याच्या दुकानातला वास येतो. वास तोच, कारण वस्तू तीच. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसून एक इवलासा कीटक रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच बांधतो, ती लाख. गोंदियाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. जंगलातून विकायला येणाऱ्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून, गावाचं नाव पडलं असं इथे सांगतात. त्या डिंकासोबत लाखही यायची. फांदीवरून खरवडून, धुऊन दाणा. दाणा वितळवून चपडा. १९०८ साली कोलकात्याला सियालदहचा कारखाना सुरू होईपर्यंत आपल्या गवयांच्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून छापून येत. लाख जहाजाने जायची आणि गाणं होऊन परत यायची.

या तबकडीत चपड्यापेक्षा दगडाची पूड जास्त असते. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटं वाजते, तेवढ्यात पिन सव्वाशे मीटरच्या आसपास घासत जाते, तीही साउंडबॉक्सचं शंभर ग्रॅमहून जास्त वजन डोक्यावर घेऊन. पहिल्या काही फेऱ्यांतच पूड पिनेचं टोक झिजवून खाचेच्या मापाचं करते. ती झीज मुद्दाम योजलेली आहे: झिजायचं ते पिनेनं, तबकडीनं नाही. म्हणून दर बाजूला नवी पिन. काटकसर म्हणून तीच पिन पुन्हा लावली, तर तिच्या धारदार कडा खाच कोरत जातात, काळी तबकडी करडी पडते आणि आवाजात खरखर कायमची बसते.

१९४८ साली लाँग प्ले आली आणि हे नातं उलटलं. तबकडी मऊ विनाइलची, टोक हिऱ्याचं, भार जेमतेम दोन ग्रॅम. आता जपायची ती सुई. मऊ ब्रश नेहमी मागून पुढे फिरवायचा, तबकडी ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने. आडवा फिरवला की बारीक दांडी वाकते. आमच्याकडे धान निघण्याच्या दिवसांत कोंड्याची धूळ घरभर असते. तेव्हा दर बाजूनंतर ब्रश, आणि तबकडीही पुसलेली हवी. धुळीचा गोळा घेऊन चाललेली सुई सूर दाबून टाकते.

एकदा दुकानदाराच्या सल्ल्याने मी लाखेची तबकडी स्पिरिटने पुसली. कापड तपकिरी झालं, तबकडीवर धुरकट डाग उमटला, आणि त्या जागी गाणं आजही फाटतं. सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, हे लहानपणापासून बघत आलो होतो. हात मात्र थांबला नाही. लाखेच्या तबकडीला साधं ओलसर कापड पुरे, तेही लेबल कोरडं ठेवून.

वापरलेल्या पिना मी वेगळ्या डबीत टाकतो. भिंगाखाली धरल्या की टोकाच्या दोन्ही अंगांना लखलखीत सपाट पैलू दिसतात, खाचेच्या भिंतींनी घासून काढलेले.