रिंद बलोच : उंटांचे कळप, दिलेली जबान आणि तीस वर्षांची लढाई

व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर कुठल्याही कौमेचे भांडवल दोन प्रकारचे असते. एक मोजता येते : माल, जनावरे, जमीन. दुसरे मोजता येत नाही : दिलेली जबान आणि बिरादरीतला एकोपा. बलोचांच्या रिंद कबिल्याचा इतिहास पाहिला की हे दुसरे भांडवल कसे जमते आणि कसे उधळले जाते, हे आम्हांला स्पष्ट दिसते. म्हणून तो वाचक बांधवांसमोर थोडक्यात ठेवीत आहोत.

कुठून आले?

रिंदांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज हलब शहराकडून निघाले आणि ते हजरत अमीर हमजा (रजि.) यांच्या खानदानातले होते. मीर जलाल खान या सरदाराला रिंद, लाशार, होत व कोराई हे चार मुलगे आणि जतो ही मुलगी. या पाच नावांवरून पाच मोठे कबिले झाले. भाषेचे अभ्यासक वेगळे सांगतात. बलोची ही इराणी कुळातली, कुर्दीला जवळची भाषा आहे. त्यावरून या लोकांचे मूळ ठिकाण कॅस्पियन समुद्राच्या बाजूला असावे, असा त्यांचा कयास आहे. १० व्या शतकातल्या अरब भूगोलकारांना बलोच आढळले ते किरमानच्या डोंगराळ मुलखात. तिथून पुढे ते पूर्वेकडे सरकत मकरानात उतरले.

हे लोक जनावरांवर जगणारे. उंट, बकऱ्या आणि मेंढ्या हीच त्यांची दौलत. चारा संपला की मुक्काम हलायचा. बकरीच्या केसांचे काळे कापड बाया स्वतः विणीत आणि त्याचेच तंबू होत; त्याला ते गिदान म्हणतात. बलोच बायांच्या पेहरावावरचे छातीचे, बाह्यांचे आणि समोरच्या लांब खिशाचे भरतकाम आजही नावाजलेले आहे. आम्हां कापडवाल्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

सीबीची जागा

१५ व्या शतकात रिंद आणि लाशारी मकरानातल्या केच खोऱ्यातून कलातमार्गे कच्छीच्या मैदानात आले. मीर चाकर खान रिंद याने सीबी धरली, मीर गोहराम लाशारीने गंदावा. सीबी बोलान घाटाच्या तोंडाशी आहे. कंधारकडून सिंध-मुलतानला जाणारा काफिला याच वाटेने उतरायचा. अशा नाक्यावर बसलेला कबिला भुकेला राहत नाही.

चाकरच्या दरबारात सरदारांनी भरल्या मजलिसीत कौल केले, असे बलोची गाथा सांगतात. हैबतानने कौल केला की दुसऱ्याचे उंट माझ्या कळपात मिसळले तर परत देणार नाही. शाह मुरीदने कौल केला की जुमेरातला सकाळी जो जे मागेल ते देईन. त्याच्याकडे त्याची मंगेतर हानी मागितली गेली. त्याने जबान पाळली, पण आयुष्य उजाड झाले. जबान पाळणे ही इज्जत खरीच. पण ती देण्याआधी विचार करणे हीही अक्कल आहे.

गोहरचे उंट

गोहर नावाची श्रीमंत बाई मोठ्या उंटकळपांची मालकीण होती. गोहरामने तिला लग्नाची मागणी घातली. तिने ती नाकारली आणि चाकरच्या पनाहीत आली. पुढे रिंद आणि लाशारी जवानांत घोड्यांची शर्यत लागली. निकाल रिंदांच्या बाजूने गेला. चिडलेल्या लाशाऱ्यांनी परत जाताना गोहरच्या उंटांची पिल्ले कापली. पनाह दिलेल्या बाईचे नुकसान म्हणजे चाकरचे नुकसान. बीवरग या रिंदाने त्याच्या घोड्याचा लगाम धरून सबुरीचा सल्ला दिला. इतरांनी त्याला भित्रा म्हणून टोमणे मारले आणि तलवारी निघाल्या.

पहिल्याच मोठ्या लढाईत रिंद हरले. चाकरचा जीव वाचला तो शत्रूच्या सरदारामुळे. दिलदारपणासाठी नावाजलेल्या नोदबंदग लाशारीने त्याला आपल्या घोडीवर बसवून मैदानातून बाहेर काढले. पण वैर थांबले नाही. चाकरने बाहेरच्या तुर्की फौजेची मदत घेतली. हा झगडा तीस वर्षे चालला असे गाथा म्हणतात. भाऊबंदकीत बाहेरचा शिरला की घर कुणाचेच राहत नाही. कंधारच्या अरगून सरदारांनी सीबी घेतली. हरलेले कित्येक लाशारी सिंधकडे आणि गुजरातकडे गेल्याचे गाथांत येते. ज्या सीबीसाठी इतके रक्त सांडले, ती सोडून चाकरही पंजाबात गेला. १५५५ साली हुमायूनने दिल्ली परत घेतली, तेव्हा रिंद त्याच्या बाजूने लढले, असेही गाथा सांगतात. चाकरची कबर पंजाबातल्या ओकाडा जिल्ह्यात, सतघरा येथे आहे. आज रिंद बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबात पसरलेले आहेत. पंजाब-सिंधमधली त्यांची कित्येक घरे बलोची विसरून सिराईकी किंवा सिंधी बोलतात.

आपल्यासाठी हिशेब

पिल्लांची किंमत ठरवून पहिल्याच दिवशी भरपाई घेता आली असती. ती एका कळपाची रक्कम होती. त्याऐवजी दोन सख्ख्या कबिल्यांनी आपली माणसे, जनावरे आणि बोलानचा नाका गमावला. आपल्या बाजारातही दोन भावांची पेढी फुटते ती बहुधा मोठ्या रकमेवरून नव्हे, टोमण्यावरून. भागीदारीत खटका उडाला की त्याच आठवड्यात चार जाणत्यांना बसवावे, हिशेबाची वही उघडावी आणि नुकसान आकड्यांत बोलावे. आणि लगाम धरणाऱ्या बीवरगला भित्रा म्हणू नये. प्रत्येक बिरादरीत असा एखादा असतो. त्याचे ऐकले तर दुकाने चालू राहतात.