रॉब स्टार्कचं लग्न, बाजीरावांची मस्तानी आणि ‘मुळे’ हा शब्द

‘मुळे’ हा मराठीत फार स्वस्तात मिळणारा शब्द आहे. मोबाइलमुळे मार्क गेले, पावसामुळे गाडी चुकली, प्रेमामुळे राज्य बुडालं. बोलताना चालून जातं. पण पीएच.डी.च्या मुलाखतीत तुमच्या सिनॉप्सिसमध्ये जिथे जिथे ‘मुळे’ असेल, नेमकं तिथेच समोरचा परीक्षक बोट ठेवतो. म्हणून आजचा लेख या एका शब्दावर.

निमित्त म्हणाल तर, इथे विचुंब्यात माझ्याकडे संध्याकाळी नेट-सेटची तयारी करणारी दोन-तीन मुलं बसतात. मागच्या आठवड्यात पेपर एक राहिला बाजूला आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’वरून वाद पेटला. रॉब स्टार्कने ते लग्न केलं नसतं तर उत्तरेचं राज्य वाचलं असतं का? (मालिका बघायची राहिली असेल तर पुढचे तीन-चार परिच्छेद सोडा. मग तक्रार नको.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तरुण राजा रॉबला सैन्य नदीपार न्यायचं असतं. पूल असतो वॉल्डर फ्रेच्या ताब्यात. रॉब शब्द देतो की फ्रेच्या घराण्यातल्या मुलीशी लग्न करीन, आणि पूल उघडतो. पुढे तो दुसऱ्याच मुलीशी लग्न करून बसतो. मालिकेत ती तालिसा, पुस्तकात जेन वेस्टरलिंग. फ्रे अपमान गिळल्यासारखं दाखवतो, दुसऱ्या एका लग्नाला बोलावतो आणि मेजवानीतच रॉब, त्याची आई आणि त्याची माणसं कापून काढतो. लढाईच्या मैदानात एकदाही न हरलेला राजा पंगतीत मेला.

आमच्याकडच्या एकाचं मत ठाम होतं, ‘प्रेमामुळे गेला.’ आता हे विधान तपासायचं कसं? शेतात सोपं असतं. एका वाफ्यात खत घाला, शेजारच्या वाफ्यात घालू नका, फरक मोजा. राजाचे दोन वाफे नसतात. मग न घडलेली बाजू डोक्यात उभी करावी लागते, आणि ती उभी करताना बाकीच्या गोष्टी होत्या तशाच ठेवाव्या लागतात. याला काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. बहुतेक जण इथेच लबाडी करतात. लग्न काढून टाकतात आणि त्याबरोबर रॉबच्या बाकी सगळ्या अडचणीही गुपचूप काढून टाकतात.

त्या अडचणी बघा. घर, म्हणजे विंटरफेल, लग्नाच्या आधीच हातचं गेलं होतं. त्याच सुमारास राजधानीवर चाल करून गेलेला स्टॅनिस हरला आणि लॅनिस्टरांना टायरेलांचं बळ मिळालं. पुढे कैदी पोरांना मारलं म्हणून रॉबने कारस्टार्कचा शिरच्छेद केला, तेव्हा ते सैन्यही निघून गेलं. त्या पंगतीत तलवार फ्रेची होती, पण बोल्टन आतून फुटला होता आणि पाठीमागे टायविन लॅनिस्टर होता. बोल्टनला तर कुणी लग्नाचा शब्द दिलेला नव्हता! लग्न नसतं तर फ्रेला निमित्त मिळालं नसतं, हे खरं. हरणाऱ्या बाजूला तो तरीही टिकून राहिला असता, हे मात्र वेगळं विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल.

अजून एक गाठ सोडवायला हवी. ‘निर्णय वाईट होता’ आणि ‘परिणाम वाईट झाला’ ही एकच गोष्ट नाही. निर्णय जोखायचा तो त्या वेळी माणसाला जे माहीत होतं त्यावर. फ्रे मानी आहे, त्याच्याकडे पूल आहे, सैन्य आहे, हे रॉबला माहीत होतं, त्यामुळे शब्द मोडणं बेफिकीरपणाच होता. माझं मत तेच आहे. पण घरी जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांची कत्तल होईल, हा हिशेब त्या जगातल्या कुणाच्याच वहीत नव्हता. तेवढ्या किमतीचं बिल एकट्या रॉबच्या नावावर फाडता येत नाही.

हे झालं रचलेल्या गोष्टीचं. आता आपल्याकडचं खरं प्रकरण घेऊ, कारण ‘प्रेमामुळे’ हा शिक्का मराठी माणसाने सगळ्यात जास्त कुणावर मारला असेल तर तो पहिल्या बाजीरावांवर. आपल्या डोक्यातली मस्तानी बहुतेक करून ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मधून (1972) आणि त्यावर बेतलेल्या 2015 च्या सिनेमातून आलेली असते. कादंबरीकाराला कारण एकच ठेवायची मुभा आहे. तुम्हाला नाही.

पहिलं काम, तारखा मांडा. 1729 मध्ये बाजीराव बंगशाविरुद्ध छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात गेले आणि त्या संबंधातून मस्तानी पुण्यात आली. तिच्या जन्माबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, तो वाद आपण इथे आणायला नको. 1734 मध्ये मुलगा झाला, समशेरबहादूर. आता ‘प्रेमात पडून राजकारणाकडे दुर्लक्ष झालं’ हे गृहीतक खरं असेल तर 1729 नंतर कामगिरी घसरलेली दिसायला हवी. दिसतं काय? 1731 ला डभईची लढाई जिंकली. 1737 च्या मार्चमध्ये थेट दिल्लीपर्यंत धडक. वर्षअखेरीला भोपाळजवळ निजामाची कोंडी, आणि जानेवारी 1738 मध्ये दुराहासराईचा तह. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, म्हणजे भावाभावांची घडीही तोवर मोडली नव्हती. दहा वर्षांचा हा आलेख गृहीतकाच्या उलट्या दिशेने जातो. गृहीतक टाकून द्या.

आणि रॉबशी तुलना करायचीच तर फरकही नोंदवा. इथे कुठल्याही मित्राला दिलेला शब्द मोडला नव्हता. उलट बुंदेलखंडाशी नातं जोडलं गेलं होतं आणि छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावांना दिला होता.

मग राजकीय किंमत मोजावी लागली ती कधी? 1739 च्या अखेरीपासून पुढच्या काही महिन्यांत. घरातला विरोध टोकाला गेला. बाजीराव नासिरजंगावरच्या मोहिमेत असताना इकडे पुण्यात मस्तानीला चौकीपहाऱ्यात ठेवलं गेलं. यात चिमाजीअप्पा आणि नानासाहेब दोघेही होते. साताऱ्याहून शाहू महाराजांचा सूर मात्र वेगळा होता, की बाजीरावांना या बाबतीत दुखवू नये. मला हा पुरावा सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याचं राज्य पणाला होतं त्या छत्रपतीला धोका मस्तानीत दिसत नव्हता, तो पेशव्याचं मन मोडण्यात दिसत होता. 28 एप्रिल 1740 ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. वय चाळिशीच्या आतलं. मस्तानीही त्यानंतर थोड्याच काळात गेली, तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे.

‘विरहामुळे गेले’ असं लिहायचा मोह होईल. आवरा. वीस वर्षांच्या सततच्या स्वाऱ्या, उन्हाळा, ताप हे सगळं त्याच माणसाच्या त्याच शरीरात होतं, आणि नमुना एकच आहे. इथे कारणं वेगळी काढायला आपल्याकडे साधनच नाही. घरच्यांचे निर्णय मात्र वेगळे काढता येतात. एका माणसाने नातं जोडलं, दुसऱ्यांनी ते मोडायचं ठरवलं. दोन्ही निर्णयच. परिणाम सगळा पहिल्याच्या खात्यावर टाकायचा, ही सवय आपल्याला कुठून लागली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होईल.

शिवाय परिणाम मोजायचे तर सगळे मोजा. समशेरबहादूर 1761 मध्ये पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि जखमांनी गेला. त्याचा मुलगा अलीबहादूर याने बुंदेलखंडात बांद्याचं राज्य उभं केलं. 1857 मध्ये त्याच घराण्यातला बांद्याचा नवाब इंग्रजांविरुद्ध उभा होता. हा रकाना कुणी भरतच नाही, कारण शोकांतिकेत तो बसत नाही.

तर ‘मस्तानीमुळे मराठी राजकारणाचं नुकसान झालं का?’ असा प्रश्न सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. असं लिहा: ‘नोव्हेंबर 1739 ते एप्रिल 1740 या काळात पेशवे कुटुंबातील मतभेदाचा मोहिमेच्या निर्णयांवर परिणाम झाल्याचं समकालीन पत्रांत दिसतं का?’ प्रश्न लहान झाला, पण आता त्याचं उत्तर ‘नाही’ही येऊ शकतं. सुरुवात करायला गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड छापील आहेत. आधी पत्रांच्या तारखा एका कागदावर उतरवा, बखरी नंतर उघडा.