गरम डांबराचे अर्थकारण

पावसाळ्यात बुजविलेला खड्डा दिवाळीपूर्वीच पुन्हा उघडा पडला की आपण पावसाला, नाहीतर कंत्राटदाराला दोष देतो. दोघेही निर्दोष नाहीत. तथापि खड्ड्यात पडलेल्या मिश्रणाचे तपमान किती होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

केंद्रीय मानकांनुसार नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार व्हावे, किमान १४० अंशांना पसरावे आणि ९० अंशांखाली उतरण्याआधी त्यावर रोलर फिरून व्हावा. नव्या रस्त्यावर हे साधते, कारण तेथे भरलेले ट्रक एकामागोमाग रिते होतात. डागडुजीत मात्र एकच ट्रक गल्लोगल्ली हिंडतो. शेवटच्या खड्ड्याशी पोहोचेपर्यंत घमेल्यात ढेकळे येऊ लागतात. ती कितीही चोपली तरी पोकळ्या राहतात, त्यांत पाणी मुरते, डांबर खडीला सोडते आणि चाके खडी उधळतात.

यावर उपाय आहे. उष्णतारोधक भिंतींची, नियंत्रित बर्नर असलेली पेटी गाडीला जोडून नेली, तर मिश्रण दिवसभर गरम राहते. उरलेले रात्रभर राखून सकाळी वापरता येते, निवालेली ढेकळेही सावकाश तापविता येतात. सावकाश हे महत्त्वाचे, कारण थेट ज्वाळेने डांबर करपून ठिसूळ होते. पिंपाखाली लाकडे पेटवून नजरेच्या अंदाजाने डांबर उकळण्याची आपली जुनी रीत याच दोषाची. शिवाय पायांना गोणपाट गुंडाळून त्या धुरात उभ्या राहणाऱ्या मजुराचा हिशेब कोणी करीत नाही, तो वेगळाच.

मग ही पेटी घेतली का जात नाही? यंत्र भांडवली खर्चात मोडते, त्याला मंजुरी लागते, त्यावर चर्चा होते. खड्डे बुजविणे मात्र दरसालचा महसुली खर्च, आणि त्याचे देयक निघते ते क्षेत्रफळावर वा वजनावर. बुजविलेला खड्डा उखडला तर कंत्राटदाराचे फारसे बिघडत नाही, किंबहुना पुढचे काम मिळते. तोटा होतो तो रिक्षाच्या पाट्यांचा आणि स्कूटरस्वाराच्या कण्याचा. अर्थशास्त्र याला बाह्य परिव्यय म्हणते. नगरपालिकेच्या जमाखर्चात त्याला रकाना नसतो.

लहान नगरपालिकांना पेटी परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून एक घेण्यास अडचण कोणती? पावसाळ्यानंतरही ती पडून राहणार नाही, नळ आणि केबलसाठी खोदलेले चर बारमाही आहेतच. तोवर निविदेत निदान एवढी अट हवी की, प्रत्येक खड्ड्याशी मिश्रणाचे तपमान मोजून नोंदवावे, आणि ती नोंद नसेल तर देयक रोखावे.