अडतीच्या कॉम्प्युटरमधली अडगळ

नांदेडचा नवा मोंढा असो की लातूरचं मार्केट यार्ड, सोयाबीनची आवक वाढली की अडत दुकानातल्या कॉम्प्युटरवर पट्ट्यांची गर्दी होते. डिस्क भरल्याची सूचना नेमकी तेव्हाच येते आणि मुनीम घाईघाईने जुन्या वर्षांचा डेटा पुसायला घेतात. कृपा करून तो पुसू नका. जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेब जपावा लागतो.

जागा बहुधा हिशेबाने खाल्लेली नसतेच. रोजच्या बॅकअपच्या प्रती त्याच डिस्कवर साचत जातात, आणि डिस्क बिघडली तर मूळही जातं, प्रतही जाते. त्या प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्या, तिथे एखादी उघडून खात्री करा, मगच इथल्या पुसा. रिसायकल बिन रिकामी करायला विसरू नका.

टॅलीत वर्षं ‘स्प्लिट’ केल्याने जागा सुटेल, हा समज चुकीचा आहे. मूळ कंपनी तशीच राहते, शिवाय नवीही तयार होते.

बिलिंगचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर असेल, तर नोंदी पुसूनही फाइल आपोआप लहान होत नाही. पोती हलवली म्हणून गोदामाच्या भिंती आत सरकत नाहीत, तसंच हे. बऱ्याचदा फुगलेली असते ती लॉग फाइल. ‘फुल रिकव्हरी’ पद्धतीत लॉगचा वेगळा बॅकअप घेतला नाही, तर ती वाढतच जाते. ती हाताने पुसू नका, जाणकाराकडून आधी लॉगचा बॅकअप करून घ्या.