पत्त्यावर मिळणारी शाळा

शिकागोपासून पश्चिमेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर नेपरव्हिल नावाचं उपनगर आहे. तिथं घर शोधणाऱ्या मराठी जोडप्याचा एजंटला पहिला प्रश्न बेडरूम किती हा नसतो, डिस्ट्रिक्ट कोणता हा असतो. गाव एकच, पण सार्वजनिक शाळांचे मोठे डिस्ट्रिक्ट दोन. २०३ हा नेपरव्हिलचा जुना, आणि २०४ म्हणजे शेजारच्या अरोरापर्यंत पसरलेला ‘इंडियन प्रेअरी’. एखादा रस्ता ओलांडला की शाळा बदलते, शाळेबरोबर डिस्ट्रिक्टही बदलू शकतो. शिकवण्याची फी दोन्हीकडे नाही. शाळा फुकट, पत्ता मात्र महाग, असा सगळा मामला आहे.

डिस्ट्रिक्ट म्हणजे फक्त शाळांसाठी असलेलं एक छोटं स्थानिक सरकारच. इलिनॉय राज्यात अशा साडेआठशेच्या आसपास संस्था आहेत आणि त्यांच्या हद्दी गावाच्या वेशीशी जुळतीलच असं नाही. कारभार पाहतं लोकांनी निवडून दिलेलं सात जणांचं मंडळ. मुदत चार वर्षं, मानधन शून्य. मंडळ पगारी सुपरिंटेंडंट नेमतं, शिक्षकांशी करार करतं, बजेट मंजूर करतं आणि हे सगळं उघड्या सभेत करतं. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींचा पगार राज्य सरकारकडून येतो आणि पुस्तकं बालभारतीची येतात. नेपरव्हिलमध्ये पैशाचा आणि निर्णयाचा मोठा भाग गावातच ठरतो.

पैसा येतो तो मुख्यतः घरपट्टीतून. जून आणि सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत भरायच्या या बिलात सगळ्यात मोठा वाटा शाळांचा असतो. ज्याच्या घरात शाळेत जाणारं एकही मूल नाही तोही तो भरतो. चांगल्या शाळेमुळे घरांच्या किमती वाढतात, वाढलेल्या किमतींवर कर गोळा होतो आणि तो पुन्हा शाळेत जातो. जिथं घरं स्वस्त, तिथं हेच चाक उलटं फिरतं. या विषमतेविरुद्ध टेक्सासमधले पालक थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९७३मध्ये न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवायला नकार दिला. इलिनॉयनं २०१७मध्ये कायदा बदलून राज्याचा नवा पैसा आधी गरजू डिस्ट्रिक्टांकडे वळवला, तरी घरपट्टीचं वजन काही कमी झालेलं नाही. म्हणूनच प्रवेशाच्या वेळी घराचा करारनामा, विजेचं बिल असे राहण्याचे पुरावे काटेकोरपणे तपासले जातात.

या पैशातून मिळतं काय? २०३मध्ये सुमारे १६ हजार मुलं आहेत. चौदा प्राथमिक शाळा, सहावी ते आठवीसाठी पाच ज्युनिअर हाय आणि दोन हायस्कुलं. १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल किंडरगार्टनमध्ये जातं. घर शाळेपासून दीड मैल किंवा त्याहून लांब असेल तर बस फुकट. ती पिवळी बस थांबली आणि तिचा ‘स्टॉप’चा हात बाहेर आला की दोन पदरी रस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहतूक थांबलीच पाहिजे, असा कायदाच आहे. हायस्कूलमध्ये कॉलेजच्या तोडीचे विषय, वाद्यवृंद, नाटक, वादविवाद आहेत. आणि ज्याला कॉलेजपेक्षा हातातलं कसब हवं आहे, त्याला अर्धा दिवस ॲडिसन गावच्या तंत्रकेंद्रात जाऊन मोटार दुरुस्ती, स्वयंपाक किंवा आगीचा बंब चालवणाऱ्यांचं काम शिकण्याची सोय आहे.

पण या डिस्ट्रिक्टचं नाव जगात झालं ते पीटीच्या तासामुळे. फिल लॉलर नावाचे पीटीचे शिक्षक मॅडिसन ज्युनिअर हायमध्ये मुलांना मैलभर पळवत. एकदा त्यांनी सहावीतल्या एका मुलीला छातीचे ठोके मोजणारा पट्टा बांधला. पळण्यात ती मागे राहणारी. घड्याळाच्या हिशेबानं तिला कमीच गुण मिळाले असते. पट्ट्यावरचे आकडे पाहिले तर ठोक्यांची सरासरी मिनिटाला १८७, आणि शेवटच्या रेषेपाशी दोनशेच्या वर. म्हणजे ती पोरगी आपल्या ताकदीच्या टोकापर्यंत पळाली होती. त्यानंतर लॉलर यांनी गुण वेगावर न देता प्रयत्नावर द्यायला सुरुवात केली. पुढे नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलमध्ये पहिल्या तासाच्याही आधी, सकाळी सातच्या सुमारास, ‘झिरो अवर’ सुरू झाला. वाचनात मागे असलेल्या मुलांना आधी पळवायचं आणि मग वाचायला बसवायचं. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन रेटी यांनी २००८च्या ‘स्पार्क’ या पुस्तकाची सुरुवातच इथून केली.

१९९९च्या ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय परीक्षेत नेपरव्हिलची आठवीची मुलं स्वतंत्र देशासारखी बसली आणि विज्ञानात पहिली, गणितात सहावी आली. याचं सगळं श्रेय पीटीला देणं मात्र भाबडेपणाचं होईल. १९६६पासून इथं बेल लॅब्जचं मोठं केंद्र होतं, आणि वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील इंजिनिअर किंवा संशोधक होते. पत्त्याचा गुण त्या निकालातही होताच.

डिस्ट्रिक्टचं खरं रूप दिसतं ते जिथं हुशारीचा प्रश्नच नसतो तिथं. मूल तीन वर्षांचं झालं, बोलत नाही, नजर देत नाही, अशा वेळी पालक डिस्ट्रिक्टकडे तपासणीची मागणी करू शकतात. पालकांची लेखी संमती आली की इलिनॉयमध्ये शाळेच्या ६० दिवसांच्या आत तपासणी आणि बैठक दोन्ही उरकाव्या लागतात. त्या बैठकीत टेबलाभोवती वर्गशिक्षिका, विशेष शिक्षिका, मानसतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, डिस्ट्रिक्टचा अधिकारी आणि बरोबरीच्या हक्कानं आईबाप असतात. त्यातून तयार होतो ‘आयईपी’, म्हणजे त्या एका मुलासाठीचा लेखी आराखडा. आठवड्याला वाचोपचाराची किती मिनिटं, वर्गात मदतनीस कधी, वर्षभरात काय मोजायचं, सगळं त्यात नमूद असतं. इंग्रजी कळत नसेल तर दुभाषा देणं शाळेचं काम. या सगळ्याची मुळं १९७५च्या केंद्रीय कायद्यात आहेत, त्यामुळे बजेट नाही म्हणून हात झटकता येत नाहीत. आपले काही पालक मात्र ‘शिक्का बसेल, लोक काय म्हणतील’ म्हणून अर्जच करत नाहीत आणि मोलाची वर्षं हातची जातात.

प्रवेशाच्या कागदांतला एक फॉर्मही असाच गोंधळात टाकणारा. घरात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलता का? ‘हो, मराठी’ असं लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, गरज असेल तर जादा शिकवणी मिळते. पोर ‘कच्च्या’ वर्गात जाईल या धास्तीनं काही जण सरळ ‘नाही’ लिहून मोकळे होतात. गंमत म्हणजे पुढे बारावीला त्याच मराठीचा मान होऊ शकतो. इलिनॉयनं २०१३मध्ये द्विभाषा प्रावीण्याच्या शिक्क्याचा कायदा केला. इंग्रजीबरोबर दुसऱ्या कोणत्याही भाषेत प्रावीण्य सिद्ध झालं की तो शिक्का हायस्कूलच्या प्रमाणपत्रावर उमटतो. रविवारी बेसमेंटमध्ये किंवा मराठी मंडळाच्या शाळेत घोटलेली बाराखडी तिथं उपयोगी पडते.

जेवणाची सोय तर जाणूनबुजून न दिसेल अशी ठेवलेली असते. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना केंद्राच्या योजनेतून फुकट किंवा स्वस्त जेवण मिळतं, पण ती मुलं ओळखू येता कामा नयेत हा नियम. ज्याचे पैसे घरून भरलेत तोही काउंटरवर आपला नंबर दाबतो आणि ज्याचे सरकारनं भरलेत तोही.

आणि ज्याला पत्ताच नाही त्याचं काय? १९८७च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार घर गमावलेल्या, मोटेलमध्ये किंवा नाइलाजानं नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलाला कागदपत्रांसाठी अडवता येत नाही. ते दुसऱ्या हद्दीत गेलं तरी जुन्या शाळेत राहू शकतं आणि त्याला तिथं पोचवण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टांवर येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२च्या निकालानं तर इमिग्रेशनचे कागद नाहीत म्हणून मुलाला शाळा नाकारायलाच बंदी घातली. एच-वनबी व्हिसावरच्या बापाची नोकरी सुटली तरी पोराचा वर्ग सुटत नाही.

आपली माणसं डिस्ट्रिक्ट निवडताना वेबसाइटवर शाळांना दहापैकी किती गुण ते पाहतात. त्या गुणांत गावाची श्रीमंती बरीच मिसळलेली असते. एखाद्या डिस्ट्रिक्टची पारख करायची तर विशेष शिक्षणाच्या पालकांशी बोलावं, मंडळाच्या एखाद्या सभेला जाऊन मागच्या रांगेत बसावं. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या मराठी माणसाला या मंडळासाठी मत देता येत नाही, घरपट्टी मात्र पुरती भरावी लागते. पण त्या सभेत माइकसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडायला नागरिकत्व लागत नाही. तेवढं केलं तरी पत्त्यासाठी मोजलेल्या पैशातले थोडे वसूल होतील.