तलावाकाठी नेटवर्क नाही! मग किब्ला, नमाजची वेळ आणि हलाल जेवण कसं शोधायचं?

मागच्या वर्षी आम्ही घरचे नऊ जण एका हिल स्टेशनला गेलो होतो. अम्मी-अब्बू, नानी, लातूरहून आलेली आपा, दुलाभाई, त्यांची तीन पोरं आणि मी. रात्री साडेनऊला मॅपवर "हलाल" शोधलं, पहिलंच हॉटेल गाठलं. काउंटरवरचा माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "साहेब, चिकन कुठून येतं ते मला पण माहीत नाही." मग मी रिव्ह्यू नीट वाचले. कुणीतरी फक्त विचारलं होतं, इथे हलाल मिळतं का? तेवढ्या एका शब्दावर ते हॉटेल यादीत वर आलं होतं. त्या रात्री नानीने केळं आणि दोन बिस्किटं खाऊन शुगरची गोळी घेतली. प्लॅनिंग माझ्याकडे होतं आणि घरातला "कम्प्युटरवाला" मीच, त्यामुळे लाज वाटली.

या हिवाळ्यात आम्ही चिखलदऱ्याला जायचं ठरवलं, आणि यावेळी मी एक साधा नियम केला. फोन देतो ती माहिती तीन प्रकारची असते: मोजलेली, साठवलेली आणि ऐकलेली. कुठली कुठल्या प्रकारची, हे कळलं की अर्धं प्लॅनिंग झालं.

आधी जागा समजून घेऊ

चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत, साधारण ११०० मीटर उंचीवर आहे. आजूबाजूला मेळघाटचं जंगल. १९७३-७४ मध्ये देशात पहिले व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, त्यात मेळघाट होतं. बोटिंगसाठी शक्कर तलाव आणि जवळच गाविलगड किल्ला, ज्यावर जुनी मशीदही आहे.

नांदेडहून रस्ता हिंगोली, वाशिम, अकोला, मग परतवाडा आणि शेवटी घाट. अंतर तीनशे किलोमीटरच्या वर, त्यामुळे शनिवार-रविवारात कोंबू नका. लातूरकरांनी शुक्रवारी जुम्यानंतर निघून नांदेडला मुक्काम करावा, शनिवारी फजर पढून सगळ्यांनी एकत्र निघावं आणि सोमवारची सुट्टी टाकावी.

१. मोजलेली माहिती: नेटवर्क नसलं तरी चालते

लोकांना वाटतं नेट गेलं की जीपीएस गेलं. तसं नाहीये. तुमचा फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. नेट असताना उपग्रह कुठे आहेत ही माहिती पटकन मिळते, म्हणून लोकेशन लगेच सापडतं. नेट नसेल तर पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात, एवढंच. अशा वेळी मोकळ्या आकाशाखाली थांबा, दाट झाडीत नको.

एकदा अक्षांश-रेखांश मिळाले की नमाजच्या वेळा आणि किब्ला ही दोन्ही निव्वळ गणितं आहेत.

जोहरची वेळ रेखांशावर ठरते. लातूर नांदेडच्या पश्चिमेला पाऊण अंश आहे, म्हणून तिथे जोहर साधारण तीन मिनिटं उशिरा येते. चिखलदरा मात्र नांदेडच्या जवळपास सरळ उत्तरेला आहे, त्यामुळे जोहरची वेळ तीच. पण उत्तरेला हिवाळ्यात दिवस छोटा होतो, म्हणून डिसेंबरात मगरिब चार-पाच मिनिटं आधी होते. ॲपमध्ये गाव "नांदेड" असंच राहिलं तर एवढाच फरक पडेल. तरी लोकेशन ऑटोमॅटिक ठेवा.

खरा घोळ सेटिंगमध्ये असतो. आपल्याकडे बहुतेक लोक हनफी पद्धतीने असर पढतात, पण बऱ्याच ॲपमध्ये दुसरी पद्धत आधीच निवडलेली असते. डिसेंबरात या दोन्हींत पाऊण तासाचा फरक पडतो. फजर आणि इशासाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला ते धरतात. कराची पद्धतीत १८ अंश, उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीत १५. त्यानेही दहा-पंधरा मिनिटं सरकतात. घरी असतानाच मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वेळापत्रकाशी ॲप जुळवून घ्या.

आणि डोंगरात एक गोष्ट लक्षात ठेवा. सूर्य डोंगराआड गेला म्हणजे मावळला असं नाही. तिथे डोळ्यांपेक्षा गणित बरं.

आता किब्ला. मक्का आणि चिखलदरा जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१.४ अंशांच्या आसपास. मग किब्ला बरोबर पश्चिमेला असायला हवा ना? नाही. पृथ्वी गोल आहे, आणि गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता अक्षांशाच्या रेषेवरून जात नाही, उत्तरेकडे वाकून जातो. म्हणून चिखलदऱ्यात किब्ला पश्चिमेपासून सुमारे ७ अंश उत्तरेला येतो, नांदेडात सुमारे १० अंश. ॲपचा बाण थोडा उजवीकडे दिसला तर ॲप बिघडलेलं नाही.

बिघडतो तो होकायंत्राचा सेन्सर. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो, त्यामुळे गाडीचं बॉनेट, लोखंडी पलंग किंवा मॅग्नेटवालं कव्हर जवळ असेल तर बाण कुठेही फिरतो. कव्हर काढा, गाडीपासून दहा-बारा पावलं लांब जा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा आणि मग बघा.

२. साठवलेली माहिती: घरच्या वायफायवरच घ्या

गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून "ऑफलाइन मॅप्स" उघडा आणि अकोल्यापासून मेळघाटपर्यंतचा चौकोन डाउनलोड करा. नेट नसतानाही गाडीचा रस्ता दिसेल, ट्रॅफिक मात्र दिसणार नाही. हॉटेल, दवाखाना, पेट्रोल पंप यांचे फोन नंबर काँटॅक्टमध्ये सेव्ह करा आणि बुकिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. हे सगळं किमान दोन फोनमध्ये असू द्या.

घाटात फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. एअरप्लेन मोड लावून लोकेशन चालू ठेवा, जीपीएस चालतं. मदत लागली तर मोड काढून ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर हा कॉल त्यावरून जाऊ शकतो. आणि खिशात रोख पैसे ठेवा, यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

३. ऐकलेली माहिती: हलाल

हलाल मोजता येत नाही. कुठलाही सेन्सर ते सांगू शकत नाही. मॅपवरचा शब्द कुणीतरी लिहिलेला असतो, कधी मालकाने, कधी ग्राहकाने, कधी नुसता प्रश्न म्हणून. हॉटेलच्या भिंतीवरचा एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर हॉटेलची सरकारदरबारी नोंद असल्याचं सांगतो, हलालबद्दल काहीच नाही.

म्हणून फोन करा. पण "हलाल मिळेल का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो सर" असतं. हे विचारा:

- चिकन-मटण कुठल्या दुकानातून आणता?
- व्हेज आणि नॉनव्हेजची कढई, तेल वेगळं आहे का?
- जेवायच्या हॉलमध्ये दारू चालते का? फॅमिलीसाठी वेगळी जागा आहे का?
- रूम तळमजल्यावर मिळेल का? पहाटे गरम पाणी येतं का?

शेवटचा प्रश्न नानीसाठी. डिसेंबरात तिथे थंड पाण्याने वजू करायला लावलं तर ती मला वर्षभर ऐकवेल.

उत्तर गोलमोल आलं तर सरळ शाकाहारी हॉटेल धरा. पिठलं-भाकरीने कुणाचं बिघडत नाही. मांसाहार घाट चढण्याआधी करून घ्या. परतवाडा-अचलपूर ही जुळी गावं, त्यातलं अचलपूर म्हणजे बऱ्हाडच्या इमादशाहीची जुनी राजधानी एलिचपूर. तिथे मुस्लिम वस्ती मोठी आहे, त्यामुळे थेट विचारून जेवता येतं.

पोरांच्या खाऊसाठी एक सोपी युक्ती: पाकिटावरचा हिरवा ठिपका. आपल्या कायद्यानुसार दूध, मध अशा मोजक्या गोष्टी सोडून प्राण्यांपासून आलेला कुठलाही घटक असेल तर हिरवा ठिपका लावता येत नाही, तपकिरी त्रिकोण लावावा लागतो. म्हणजे जिलेटिन किंवा प्राण्यांची चरबी हा प्रश्न तिथेच मिटतो. अल्कोहोलबद्दल मात्र हा ठिपका काही सांगत नाही, त्यासाठी घटकांची यादी वाचा.

ॲडव्हान्स देताना सावध

मॅपवरचा फोन नंबरही "ऐकलेलीच" माहिती आहे. कुणीही बदल सुचवू शकतं, आणि भामटे त्याचाच फायदा घेतात. नंबर दोन ठिकाणी जुळवून बघा. व्हिडिओ कॉलवर रूम दाखवायला सांगा. पैसे घेणाऱ्याचं नाव हॉटेलशी जुळत नसेल तर थांबा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

राहिला प्रवासातल्या कसर नमाजचा प्रश्न. तो ॲपला विचारू नका. निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारा, म्हणजे अब्बू आणि दुलाभाईंचा वाद गाडीत सुरू होणार नाही.

आमच्या यादीत आता फक्त एक फोन बाकी आहे, गरम पाण्याचा. तो मी लावणार होतो, पण यावेळी नानी म्हणाली, "दे इकडे, मीच बोलते." तिच्यापुढे हॉटेलवाला गोलमोल उत्तर देऊ शकेल असं मला वाटत नाही.