'मी जातों' आणि 'मी जातें'

सातारा व सांगली हीं एकाच कृष्णामाईचीं लेंकरें. तासगांव, वाळवें हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच होते. त्या वर्षीं निघालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० सालीं सांगलीचें नांव मिळालें. तरी सांगलीची मुलगी साताऱ्यास सून होऊन आली आणि 'मी जातों' म्हणाली, कीं माजघरांत हंशा पिकतो. शाळेंत तर अशा मुलींस हटकतात, आणि मग त्या वर्गांत तोंडच उघडीत नाहींत. हें आम्ही पुष्कळ वर्षें पाहिलें.

वस्तुतः त्यांत हंसण्यासारखें काय आहे? संस्कृतांत 'अहं गच्छामि' रामानेंही म्हणावें, सीतेनेंही म्हणावें. जतकडच्या गांवांतून रोज कानीं पडणाऱ्या कानडींतही उत्तमपुरुषीं क्रियापदास लिंगभेद नाहीं. ('अक्का', 'अण्णा' हे त्याच भाषेचे शब्द मात्र सातारकरांस मुळींच खटकत नाहींत!) आणि 'मी जाईन' म्हणतांना सातारच्या सासूबाई तरी आपलें स्त्रीत्व कोठें दाखवितात?

लेखनांत 'जातें' शिकवावें, त्यास आमची ना नाहीं. निबंधाची वही तपासतांना आम्हीही तेथें तांबडी रेघ ओढीत असूं. मधल्या सुटींत मात्र कधीं नाहीं.